सुजाता, ते दुसरं वाक्य

सुजाता, तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात जे जे बोलले, त्या सगळ्यांनी तुला शांत म्हटलं. तुझ्या मुख्याध्यापकांनी 'शांत व संयमी' म्हटलं. सांगवीच्या तुमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी 'शांत स्वभावाच्या' म्हटलं. ज्या मावसभावाशी तू बरीच वर्षं बोलत नव्हतीस, त्याने 'शांत, सोज्वळ आणि मनमिळाऊ' म्हटलं. माईक खरखरत होता. मी मागच्या ओळीत बसून सवयीने एकेक शब्द मनात कापत होते. वस्तुस्थिती अशी की तू शांत नव्हतीस. रिक्षावाल्याशी, भाजीच्या गाडीवर, पर्यवेक्षिकेशी आणि सगळ्यांत जास्त माझ्याशी तू भांडायचीस. भांडण संपलं की चहा टाकायचीस, आणि चहा होईपर्यंत तुला नवा मुद्दा सुचलेला असायचा.

तुझ्या धाकट्या भावाने, मिलिंदने, मला बोलायला बोलावलं. मी म्हटलं, मला उभं राहून बोलता येत नाही. तो म्हणाला, "मग लिही. पण तुमच्या पेपरसारखं नको हं, जन्म अमुक, शिक्षण तमुक. ते आम्हाला माहितीये."

म्हणून हे लिहिते आहे.

आधी एवढं सांगते की आम्ही सगळे थकलो आहोत. तू म्हणशील, मेले मी आणि थकलीस तू. खरं आहे. पण ऑफिसातून हॉस्पिटल आणि हॉस्पिटलमधून घर हा रस्ता इतके महिने चालू होता की आता तिकडे जायचं नसलं तरी संध्याकाळी पाय तिकडेच वळतात. ते वळवून आणावे लागतात. त्यालाही श्रम पडतात. रडण्याबद्दल म्हणशील तर ते अजून नीट झालेलं नाही. कुकर लावताना, लिफ्टमध्ये, असं तुकड्यातुकड्याने होतं.

पिंपरीत आपली घरं एकाच गल्लीत. दोघींचे वडील एकाच कंपनीत आणि बहुतेक वेळा एकाच शिफ्टला. डी.एड. दोघींनी बरोबरच केलं. मग तू वर्गात गेलीस आणि मी, नोकरीची वाट बघताना काहीतरी करावं म्हणून, पेपरच्या कचेरीत गेले आणि तिथेच राहिले. तू मला 'पळपुटी बाई' म्हणायचीस. पुढची सगळी वर्षं आपण एकाच विषयावर भांडलो, आणि तो विषय बाहेरच्या माणसाला सांगितला तर हसू येईल. दुसरीतल्या मुलांना वाक्यात विशेषण वापरायला शिकवावं का, आणि कशासाठी.

तू चिखलीच्या शाळेत बदलून गेलीस तो पहिला आठवडा मला आठवतो, कारण तुझा फोन आला तेव्हा तू हसत होतीस की चिडली होतीस ते मला कळेना. तू वर्गात एक नट नेला होतास. हातात धरून विचारलंस, "हा नट कसा आहे?"

सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "ओके!"

मग तू आटे गेलेला, गंजका नट काढलास. "आणि हा?"

"रिजेक्ट!"

"अगं, सगळ्या वर्गाला मिळून दोनच विशेषणं येतात," तू मला म्हणालीस. "फूल ओके. वही ओके. तुटकी पेन्सिल रिजेक्ट. एका मुलाने तर सांगितलं, बाई, आमची मांजर रिजेक्ट आहे, तिला एक डोळा नाही. मी यांना पुस्तकातलं हिरवं झाड कसं शिकवू?"

याचं कारण तू नंतर घरोघरी जाऊन शोधलंस. त्या भागात लहान वर्कशॉपचं काम घरी येतं. रबराच्या पार्टची पोती येतात. पार्टच्या कडेला राहिलेलं जादा रबर ब्लेडने कापायचं, हे बायकांचं काम. शाळेतून आलेली मुलं दप्तर टाकून समोर बसतात आणि ढीग लावतात. डावीकडे ओके, उजवीकडे रिजेक्ट. वस्तूकडे बघून पहिला शब्द कोणता म्हणायचा हे ती मुलं शाळेत यायच्या आधीच शिकलेली होती.

मग तुझी ती कापडी पिशवी आली. आत काय आहे ते बघायचं नाही, हात घालायचा आणि सांगायचं. 'हाताला विचार' हा तुझा नियम. पिशवीत स्प्रिंग, चिंचोके, पॉलिश पेपरचा तुकडा, पॅकिंगचा फोम, जुन्या चपलेचा अंगठा, काहीही असायचं. एकदा तू साबणाचा ओला तुकडा ठेवलास. मावळातल्या एका मुलाने हात घातला आणि ओरडला, "बाई, ह्ये लिबलिबीत हाय!" शेजारची म्हणाली, "न्हाई, बुळबुळीत." चिपळूणकडून आलेली एक मुलगी उठून म्हणाली की तिच्या आजीकडे याला गिळगिळीत म्हणतात. तिघं हमरीतुमरीवर आली. निकाल लागावा म्हणून तू पिशवी सगळ्या वर्गात फिरवलीस. त्या दिवशी डबे खायच्या आधी कुणाला हात धुवा म्हणून सांगावं लागलं नाही.

'छान', 'मस्त' आणि 'भारी' या शब्दांना तुझ्या वर्गात कायमची सुट्टी होती. कुणी 'माझी आजी छान आहे' म्हटलं की बाकीची मुलं ओरडायची, "कशी छान?" मग त्या मुलाला आजीकडे पुन्हा बघावं लागायचं. माझी आजी हलकी आहे, मी तिला उचललं. माझी आई घाईची आहे. माझा मामा तेलकट आहे. ही वाक्यं मुलं कागदाच्या लांब पट्ट्यांवर लिहायची आणि तू त्या वर्गात दोरीवर टांगायचीस.

पर्यवेक्षिका आल्या तो प्रसंग मी ऑफिसात इतक्यांदा सांगितला आहे की तो आता तिथे म्हणीसारखा वापरतात. त्यांनी पुढच्या बाकावरच्या मुलाला विचारलं, "बाळ, आकाश कसं असतं?"

तो म्हणाला, "कोणत्या दिवशी, मॅडम?"

त्या तुझ्याकडे वळल्या. "हे काय उत्तर झालं?"

"बरोबर विचारतोय तो," तू म्हणालीस. "काल धुळकट होतं. आज ढगाळ आहे."

"पुस्तकात निळं दिलंय."

"पुस्तक छापलं त्या दिवशी असेल, मॅडम."

यानंतर तुझ्या मुख्याध्यापकांनी तुला ऑफिसात बोलावून जे सांगितलं, ते त्यांना त्या दिवशी माईकवर आठवलं असावं. 'संयमी' म्हणताना ते किंचित थांबले.

माझं काम याच्या अगदी उलट होतं. डेस्कवर बसले त्याच दिवशी मला सांगितलं गेलं की विशेषण हे बातमीदाराचं मत असतं, आणि मत घरी ठेवून यायचं. 'भीषण अपघात'मधलं भीषण मी काढते. 'प्रचंड गर्दी'मधलं प्रचंड काढते. अपघात कसा झाला आणि माणसं किती होती हे सांगा, वाचणारा ठरवेल. रविवारी सांगवीला तुझ्याकडे आले की तू विचारायचीस, "या आठवड्यात किती मारलीस?"

"मोजत नाही."

"मोज ना. आणि टाकून देऊ नकोस, मला आणून दे. मुलांना वाटते."

"भीषण आणि प्रचंड घेऊन काय करणार तुझी मुलं?"

"चिखलीच्या रस्त्याचं वर्णन."

हसून झालं की खरं भांडण सुरू व्हायचं. मी म्हणायचे, सात वर्षांच्या मुलाला नाम आणि क्रियापद पुरतं. बाबा कामावर गेले. आई भाकरी करते. वाक्य पूर्ण आहे, अर्थ पोचतो. उगाच शब्दांचा फुलोरा कशाला? तू म्हणायचीस, "पुरतं की. कंपनीलाही तेवढंच पुरतं. माणूस आला, माणूस गेला. गेटवर तेवढीच नोंद असते. पण ते पोर त्या माणसाच्या मांडीवर बसतं, त्याला ते कसं पुरेल?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं असं समजू नकोस. उत्तर होतं, अजूनही आहे. ज्या शब्दाला पुरावा देता येत नाही तो शब्द माणसाला खोटं बोलायची सवय लावतो, हे मी रोज बघते. त्या दिवशी तुझ्या कार्यक्रमातही तेच बघितलं. तू म्हणाली असतीस, म्हणूनच तर मी आधी हात घालायला लावते. हे भांडण आपण किती वेळा इथपर्यंत आणून सोडलं. इथून पुढे ते कधी गेलं नाही.

आता त्या मुलीबद्दल.

तिचं खरं नाव मी देत नाही. इथे तिला ईश्वरी म्हणते. परभणीकडचं कुटुंब. वडील चिखलीत एका लहान वर्कशॉपला होते. ते बंद पडलं. मग ठेकेदाराच्या मार्फत चाकणच्या एका कंपनीत लागायचं ठरलं. गेटवर मेडिकल झालं, त्यात लांबचं कमी दिसतं असं निघालं आणि त्यांना बाहेरूनच परत पाठवलं. दुसऱ्या कंपनीत तेच, तिसरीतही तेच. घरी येऊन त्यांनी जे घडलं ते सांगितलं, जसं तिथे सगळेच सांगतात. मला रिजेक्ट केलं.

त्या आठवड्यात तुझ्या वर्गात घरच्या माणसांवर वाक्यं चालू होती. ईश्वरीने पट्टीवर लिहिलं, 'माझे बाबा रिजेक्ट आहेत.'

तू ती पट्टी टांगली नाहीस. एकटीचीच वगळली तर तिला कळेल, म्हणून त्या आठवड्यात कुणाचीच टांगली नाहीस. मुलं विचारायला लागली तर दोरी तुटली म्हणून सांगितलंस. आणि संध्याकाळी मला फोन केलास.

मी ऐकलं आणि म्हटलं, ही बातमी आहे.

"नाही," तू म्हणालीस.

"सुजाता, माणसं पार्टसारखी तपासून गेटवरून परत पाठवतात. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी वाचत नाही. या एका वाक्याने वाचतील."

"म्हणूनच नाही. ते वाक्य तिचं आहे."

"नाव बदलते."

"वाक्य बदलशील?"

"वाक्य कसं बदलेन?"

"मग नाव बदलून काय उपयोग? त्या चाळीत कुणाच्या बापाला परत पाठवलं हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. तो माणूस सकाळी दूध आणायला बाहेर पडायचा बंद होईल. आणि ही पोरगी? तिला आयुष्यभर वाटेल, मी लिहिलं म्हणून झालं. पुन्हा पट्टीवर एक अक्षर लिहील ती?"

"आणि उद्या दुसऱ्या गेटवर दुसरा बाप परत येईल त्याचं काय?"

"ते तू बघ. माझ्या वर्गात मी बघते."

आपण तेव्हा बरेच दिवस बोललो नाही. मेडिकलची बातमी मी केली, ते वाक्य न वापरता. चार कामगार, एक ठेकेदार, एक डॉक्टर, कुणाचंही नाव न देता. आतल्या पानावर तळाला लागली. कुणाचा फोन आला नाही. तुझा मात्र आला. "वाचली. नीट आहे. कोरडी आहे."

"कोरडीच हवी."

"हो गं. पण पाण्याशिवाय उतरत नाही."

ती बातमी त्या वाक्यासकट व्हायला हवी होती असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. तू गेलीस म्हणून मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. गेलेल्या माणसाला लगेच सगळं कबूल करून टाकायचं, ही एक प्रकारची टाळाटाळ आहे आणि ती तुला चालली नसती.

पण तू वर्गात काय केलंस ते मला उशिरा समजलं. तू त्या वाक्यावर रेघ मारली नाहीस. ईश्वरीला जवळ बोलावून सांगितलंस की वाक्य बरोबर लिहिलंय, पण ते एकटं आहे, त्याच्या शेजारी अजून एक लागेल. "बाबांकडे रोज थोडं बघ. घाई नाही. सापडलं की सांग." ती रोज येऊन सांगायची, "आज नाही सापडलं, बाई." तू म्हणायचीस, "बरं, उद्या." अशी एक सहामाही गेली. मी तुला म्हटलं, एवढी कशाला वाट बघतेस, 'माझे बाबा प्रेमळ आहेत' असं लिहून घे आणि मोकळी हो. तू माझ्याकडे असं बघितलंस की मी चहाचे कप उचलून आत नेऊन ठेवले.

"ते वाक्य तसंच एकटं ठेवून मी पोरीला तिसरीत पाठवू?" तू म्हणालीस. "बापाबद्दल तिने शाळेत लिहिलेलं पहिलं वाक्य ते आहे. शेवटचंही तेच राहिलं तर मी तिथे कशाला बसले होते?"

सहामाहीनंतर शाळा उघडली तेव्हा ईश्वरी आली नाही. कुटुंब जागा सोडून गेलं होतं. दाखला नेला होता, शाळेचं नाव सांगितलं नव्हतं. फोन बंद. हिंजवडीच्या बाजूला कुठेतरी, एवढंच शेजाऱ्यांना माहीत. त्यानंतर थोड्याच काळाने तुझं दुखणं निघालं.

हॉस्पिटलमधलं लिहिणार नव्हते, पण एक गोष्ट लिहिते. दुखतंय म्हटलं की तिथली सिस्टर तुला विचारायची, "ताई, एक ते दहामध्ये किती?"

"किती काय विचारतेस? कसं ते विचार."

"ताई, आम्हाला आकडा लिहावा लागतो."

"लिही तुला हवा तो. आता ऐक. सकाळी बोथट होतं. आता टोकदार झालंय. आणि पाठीत जे आहे ते जड आहे, ओल्या गोधडीसारखं."

ती पोरगी गोंधळली, मग हसली. नंतर माझ्या लक्षात आलं की राउंडला डॉक्टर आले की ती आकडा सांगायची आणि वर म्हणायची, "आज टोकदार नाही म्हणतायत, नुसतं जड आहे." डॉक्टर थांबून ऐकायचे. ती सिस्टर तुझ्या कार्यक्रमाला आली होती. बोलली नाही, फुलं ठेवून गेली.

ग्लानीतून जाग आली की तू मुलांची चौकशी करायचीस. तुझा वर्ग तोपर्यंत दुसऱ्या बाईंकडे गेला होता. त्या चांगल्या होत्या आणि 'छान' चालवून घेत होत्या. ते मी तुला सांगितलं नाही. आणि दर वेळी शेवटी, "ईश्वरीचं राहिलं." मी हिंजवडीच्या बाजूच्या दोन-तीन शाळांमध्ये विचारून आले होते. पत्ता लागला नव्हता. ते मात्र तुला सांगितलं. तू मान हलवलीस आणि भिंतीकडे कूस वळवलीस.

आपलं शेवटचं म्हणावं असं बोलणं फार छोटं होतं. मी रात्रपाळीला निघण्याआधी आले होते. तू डोळे उघडून विचारलंस, "तू कशी आहेस?"

मी म्हटलं, "बरी."

"कशी बरी?"

तेवढ्यात सलाईन बदलायला कुणी आलं आणि उत्तर राहिलं. उत्तर असं होतं की मी घाबरलेली आहे. की गल्लीतल्या त्या घरांपासून मला ओळखणारं दुसरं कुणी उरलेलं नाही. की तुझ्याशी भांडता यावं म्हणून मी माझी मतं इतकी वर्षं घासूनपुसून ठेवली आणि आता ती कुणापुढे मांडू? एवढं सगळं सलाईनच्या बाटलीआड सांगता आलं नसतं. पण 'घाबरलेली' एवढा एक शब्द सांगता आला असता.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी खिरीचा वाडगा घेऊन एक बाई माझ्याजवळ आल्या. त्यांची मुलगी तुझ्या वर्गात होती. सगळे जुन्या वर्गाबद्दल बोलत होते, म्हणून मी विचारलं, ईश्वरी कुठे असते काही माहिती? त्या सहज म्हणाल्या, "ते व्हय, मारुंजीला हायेत आता. तिचे पप्पा बिल्डिंगवर वॉचमन लागलेत. माझे मिस्टर भेटले होते त्यांना."

तुझ्या हयातीत इतकं शोधलं, आणि सापडलं ते असं.

सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी मी मारुंजीला गेले. उंच इमारती, खाली चहाच्या टपऱ्या, पाठीवर लॅपटॉपच्या बॅगा लावून परतणारी भाडेकरू मुलं. फाटकाजवळच्या केबिनमध्ये निळ्या गणवेशातला माणूस नुकताच ड्युटीवर आला होता. चष्मा होता. केबिनच्या पायरीवर एक मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. इमारतीच्या मागेच त्यांना एक खोली दिली आहे, आणि आई येईपर्यंत ती इथे बसते, असं नंतर कळलं.

मी कोण ते सांगितलं आणि म्हटलं, "सुजाताबाई गेल्या."

मुलीने विचारलं, "कुठं?"

वडिलांनी टोपी काढली. "वारल्या, बाळा."

ती दप्तराच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "कशा होत्या?"

"म्हणजे?"

"शेवटी. बाई कशा होत्या?"

"ए, असं इचारत असतेत का?" वडील म्हणाले.

मी म्हटलं, विचारू द्या. बारीक झाल्या होत्या, मी सांगितलं. हात गार असायचे. आवाज जाडा झाला होता, पण समजायचा. आणि चिडक्या होत्या, अगदी शेवटपर्यंत.

"चिडक्या होत्याच," ती म्हणाली.

सुजाता, तुझ्याबद्दल मी कुणाशी नीट बोलले ती ही पहिली वेळ.

मग मी तिच्या वडिलांना म्हटलं की बाईंवर लिहिते आहे, त्यात ईश्वरीचं एक जुनं वाक्य घ्यायचं आहे, पण तुम्हाला विचारल्याशिवाय घेणार नाही. पुढचं कसं सांगावं ते मला सुचेना.

"रिजेक्टचं व्हय?" तेच म्हणाले.

"तुम्हाला माहीत आहे?"

"घरी येऊन सांगितलं की तिनं त्याच दिवशी. बाईनं लाल रेघ मारली न्हाई म्हणून खूश होती."

"तुम्हाला काय वाटलं?"

"मला काय वाटायचं, मॅडम. मीच बोलायलो होतो ना घरात तसं. लेकरू ऐकायलंय तिथंच बसून." त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "हे लावलं आन समदं दिसायलंय आता. त्या टायमाला कुणी बोललंच न्हाई, चष्मा लावून ये म्हणून. छापा तुम्ही. नाव मातर नका टाकू, गावाकडं पेपर जातो."

म्हणजे तुझी भीती अनाठायी होती का? मला माहीत नाही. त्या वर्षी, काम नसताना, त्याच चाळीत राहत असताना त्यांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. आपल्या भांडणाचा निकाल यातून लागत नाही. फक्त परवानगी मिळाली.

मी ईश्वरीकडे वळले. "बाईंना तुझं अजून एक वाक्य हवं होतं."

"माहितीये."

"सापडलं का?"

तेवढ्यात फाटकाशी खाण्याचं पार्सल घेऊन एक मोटरसायकल आली. तिचे वडील उठले, कुठल्या विंगला ते विचारलं, दांडी उचलली, गाडी आत सोडली, पुन्हा येऊन खुर्चीवर बसले आणि रस्त्याकडे बघायला लागले. ती हे सगळं बघत होती. त्यांच्या बाहीला हात लावून तिने ती जराशी चोळूनही पाहिली.

"माझे बाबा जागे आहेत," ती म्हणाली.

"हिच्यामुळंच," वडील हसले. "दुपारी झोपूच देत न्हाई, गाणे लावती."

तिने तिकडे लक्ष दिलं नाही. वर, दिवे लागलेल्या मजल्यांकडे तिने हात केला. "हे सगळे झोपले ना, तरी पण."

मी विचारलं, "हेच लिहू?"

"हेच."

सुजाता, वाक्य झालं. पहिल्याच्या शेजारी ठेवलं आहे. त्याला वेळ लागला, पण ते तिचं तिला सापडलं. मी सुचवलं नाही, तिच्या वडिलांनीही नाही. आता त्याची काळजी सोड.